वैज्ञानिक संगणन: पदवी आणि पुढची वाट

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरातील वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी प्रशासनाला नेमके उत्तर हवे असते. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी भंडाऱ्याला किती तासांत पोहोचेल, पातळी किती चढेल, खाली गोसेखुर्द धरणाच्या 33 पैकी किती दरवाजे उघडावे लागतील? प्रवाहाची समीकरणे सें-व्हनाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1871 मध्येच मांडली होती. पण खऱ्याखुऱ्या नदीसाठी ती कागदावर सुटत नाहीत. पात्राचे लहान तुकडे कल्पून संगणकाकडून ती टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यावी लागतात. या शास्त्राचे नाव वैज्ञानिक संगणन.

महाराष्ट्रात या विषयाला मोठी परंपरा आहे. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक हे प्रगत संगणन विकास केंद्र सुरू झाले आणि 1991 मध्ये तिथे ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2018 मध्ये ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. नागपुरात नीरी ही संशोधन संस्था पर्यावरणावर आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहचित्रांवर काम करते.

या विषयातील पदवीनंतर नोकरी कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. ‘वैज्ञानिक संगणन’ अशा नावाची जागा जाहिरातीत क्वचितच दिसते. ती प्रकल्प सहायक, सिम्युलेशन इंजिनिअर, डेटा अ‍ॅनालिस्ट अशा नावांखाली शोधावी लागते. संशोधन संस्थांतील सुरुवातीच्या जागा बहुधा प्रकल्पापुरत्या असतात. संशोधनात स्थिरावायचे तर नेट, गेट या परीक्षांची आणि पुढे पीएच.डी.ची तयारी हवी. वाहन उद्योगात आणि औषधनिर्मितीत वाट लवकर सापडते, पण तिथेही नुसते प्रोग्रॅमिंग पुरत नाही. पाणी, पोलाद, हवामान किंवा रेणू, यांपैकी एक विषय मुळापासून कळणाऱ्यालाच या पदवीचे मोल मिळते. संगणकाने दिलेले उत्तर चुकीचे आहे, हे त्यालाच ओळखता येते.

विद्यार्थिमित्रांनो, या क्षेत्रात तुमचे स्वागत आहे. सुरुवातीला महासंगणक लागत नाही. साधा लॅपटॉप, लिनक्स आणि पायथन पुरे. आपल्या तालुक्यातला एखादा माजी मालगुजारी तलाव निवडा. पाऊस, बाष्पीभवन, झिरपा आणि धानाला सोडलेले पाणी यांचा हिशेब मांडणारा प्रोग्रॅम लिहा आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष पातळीशी ताडून पाहा. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत तो प्रोग्रॅमही न्या.