भिंतीआडचा न्याय

पालघर काय किंवा बोईसर-तारापूर काय, आपल्या भागात तुरुंगाचे नाव निघाले की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे ठाण्याचा किल्ला उभा राहतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण ठाणे जिल्ह्याचेच रहिवासी होतो. पोर्तुगिजांनी बांधावयास घेतलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला इंग्रजी अमलात कारागृह बनला. आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी तेथेच फाशी दिली गेली. तुरुंगाची भिंत कैद्याला आत ठेवते, तशी आतली किंकाळीही बाहेर येऊ देत नाही. अशा ठिकाणी पहारेकऱ्याने हात उगारला, तर त्याला जाब विचारणारा कोण?

इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्याचा सारा रोख शिस्तीवर होता. कैद्याच्या हक्कांची भाषा पुढे आली ती एका पत्रातून. दिल्लीच्या तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना लिहून कळविले, की एका वॉर्डरने पैशांसाठी प्रेमचंद नावाच्या कैद्याला अमानुष इजा केली आहे. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. शिक्षा झाली म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, असा निर्वाळा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी डिसेंबर १९७९ मध्ये दिला. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात, न्यायाधीशांनी तेथे भेटी द्याव्यात, असे आदेशही दिले. पुढे ओडिशातील नीलाबती बेहेरा या मातेचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. तिच्याही पत्राची दखल घेऊन १९९३ साली न्यायालयाने शासनाला दीड लाख रुपये भरपाई देण्यास लावले.

२००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी बंधनकारक झाली. आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तरीही २३ जून २०१७ रोजी मुंबईच्या भायखळा महिला कारागृहातील मंजुळा शेट्ये ही बंदिवान मारहाणीनंतर मरण पावली. निमित्त, तक्रारीनुसार, दोन अंडी व पाच पाव कमी भरल्याचे. दुसऱ्या दिवशी कैदी स्त्रियांनी तुरुंगाच्या छपरावर चढून निषेध केला. त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला; परंतु त्यांच्यापैकीच एकीच्या जबानीवरून जेलरसह सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हाही दाखल झाला व जुलैच्या आरंभी त्यांना अटक झाली.

पळून जाणाऱ्याला अडविण्यापुरते किंवा दंगा आवरण्यापुरते बळ वापरण्यास कायद्याची ना नाही. त्यापलीकडचा प्रत्येक फटका हा गुन्हाच होय, मग मारणाऱ्याच्या अंगावर गणवेश असला तरीही. मात्र कायदा आपण होऊन भिंत ओलांडीत नाही. एक पत्र, एक जबानी त्याला आत घेऊन जाते. आपल्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाचा शेजारी कोठडीत असेल, तर लाजेपोटी त्याची भेट टाळू नये. अंगावर वळ दिसले, तर ते न्यायाधीशांना लेखी कळवावे. आपण गप्प राहिलो, तर ती भिंत आणखी उंच होईल.