परदेशात उन्हाळी सुट्टी: 'सगळं समाविष्ट' रिसॉर्ट घ्यावं की किचनवाला फ्लॅट?

शाळांना सुट्टी लागते, कंपनीत रजा मंजूर होते आणि निगडी, वाकड, चाकणमधल्या अनेक घरांत चर्चा सुरू होते: दुबई, थायलंड, मालदीव की युरोप? देश ठरला की त्याहून खर्चिक प्रश्न उरतो. तिन्ही वेळचं जेवण देणारं हॉटेल घ्यायचं, की किचन असलेला फ्लॅट घेऊन स्वतः रांधायचं?

थोडक्यात उत्तर असं: दाराबाहेर परवडणारं आणि आपल्याला चालणारं जेवण मिळत असेल, तर 'सगळं समाविष्ट'साठी जास्तीचे पैसे देऊ नका. दाराबाहेर फक्त समुद्र असेल, तर जरूर द्या. बाहेरचं जेवण महाग असेल आणि एकाच गावात पाच-सहा रात्री मुक्काम असेल, तर किचन परवडतं. पण स्वयंपाक कोण करणार, हे घरून निघण्याआधी ठरवा.

ईपी, सीपी, एमएपी, एपी म्हणजे काय?

हॉटेलच्या कोटेशनमध्ये ही अक्षरं दिसतात. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि दोनपैकी एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. एआय म्हणजे 'सगळं समाविष्ट': जेवणं, मधलं खाणं आणि पेयं, बहुतेक ठिकाणी मद्यसुद्धा. घरात कुणी मद्य घेत नसेल तर एआयऐवजी एपीचा दर मागा. मात्र एपीमध्ये पिण्याच्या पाण्याचे पैसे वेगळे लागतात का, तेही विचारा.

सगळं समाविष्ट असलेल्या सुट्टीची कल्पना जगभर नेली ती क्लब मेडने. १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर त्यांचं पहिलं सुट्टी-गाव सुरू झालं. मराठी घरांना मात्र 'जेवणासह' म्हटलं की ग्रुप टूर आठवते. १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी टूर्स किंवा २०१३ मधली वीणा वर्ल्ड ही त्यातली ओळखीची नावं. पण ग्रुप टूर आणि एआय रिसॉर्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. टूरमध्ये जेवणाबरोबर बस, टूर मॅनेजर आणि ठरलेला कार्यक्रमही येतो. रिसॉर्टमध्ये तुम्ही एकाच आवारात राहता.

मालदीव: इथे एआय किंवा एपी योग्य

बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटांवर आहेत. बाहेर पडून टपरीवर खाणं शक्यच नसतं आणि रिसॉर्टमधलं सुटं जेवण महाग पडतं. बुक करताना तीन गोष्टी तपासा. पहिली, स्पीडबोट किंवा सीप्लेनचं भाडं दरात धरलं आहे का. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, म्हणजे विमान उशिरा पोहोचलं तर एक रात्र माले किंवा हुलहुमालेत काढावी लागते. दुसरी, कर. पर्यटनावरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. त्याशिवाय सेवाशुल्क असतं आणि रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर असतो. तिसरी, हवामान: मे महिन्यात तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. दर उतरतात ते त्यामुळेच.

दुबई, बँकॉक: नाश्ता पुरे

दुबईत करामा आणि बर दुबई भागात भारतीय जेवण पावलोपावली मिळतं. बँकॉकमध्येही भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. दिवसभर फिरायचं असताना दुपारच्या जेवणासाठी हॉटेलवर परतणं होत नाही आणि आधीच भरलेले पैसे बुडतात. इथे सीपी घ्या.

युरोप: किचन कधी कामाचं?

चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने असल्यामुळे जर्मनी इथल्या अनेक घरांना परकी नाही. मुलगा किंवा सून तिकडे असेल आणि आई-वडील भेटीला निघाले असतील, तर किचन फार उपयोगी पडतं. मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ, कमी तिखट, मऊ भात हे सगळं सांभाळता येतं.

पण काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच सामान भरा. फ्लॅटच्या भाड्यावर साफसफाईचं शुल्क आणि अनेक गावांत पर्यटक कर लागतो. शेगडी इंडक्शनची असेल, तर तिच्यावर अॅल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही. आणि फोडणीच्या धुराने धोक्याची घंटा वाजू शकते, तेव्हा आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. रोज गाव बदलणार असाल तर किचनचा विचार सोडा.

सुट्टी सगळ्यांची आहे ना?

किचन स्वस्त दिसतं, कारण त्यात रांधणाऱ्याची मजुरी धरलेली नसते. घरी रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईने तिकडेही सकाळी सहाला कणीक मळायची असेल, तर ती सुट्टी फक्त बाकीच्यांची. नाश्ता आणि रात्रीचा खिचडी-भात घरी, दुपारचं बाहेर, भांडी आळीपाळीने, असं वाटप आधी करा. ते जमत नसेल तर हॉटेलच घ्या.

फ्लॅट कायदेशीर आहे का?

सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. थायलंडमध्ये हॉटेल परवाना नसलेला कॉन्डो ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने देणं नियमबाह्य आहे. बार्सिलोनाने २०२८ अखेरपर्यंत पर्यटक फ्लॅटचे परवाने संपवण्याचं जाहीर केलं आहे. त्यामुळे परवाना क्रमांक मागा, किंवा किचनची सोय असलेलं परवानाधारक हॉटेल पाहा. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

डब्यात काय न्यायचं नाही?

युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशांना बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, तेव्हा दुबईला अनारसे नेऊ नका. मेतकूट, भाजणी, चिवडा सहसा चालतात, तरी त्या देशाचे नियम पाहून घ्या.

टीसीएसचं काय?

तिकीट, मुक्काम आणि तत्सम खर्च यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी एकत्र विकल्या, की ते परदेशी टूर पॅकेज ठरतं आणि त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो. तिकीट आणि हॉटेल वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून घेतलं तर ते पॅकेज होत नाही. टीसीएस हा जादा खर्च नाही, आयकर विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात. दर अनेकदा बदलले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा आणि पॅन नंबर बरोबर द्या.

शेवटचं गणित

एकाच हॉटेलचा सीपी आणि एआय असे दोन्ही दर मागा. समजा चार जणांच्या सहा रात्रींसाठी फरक ९६,००० रुपये आहे. चार गुणिले सहा म्हणजे २४. भागाकार केला की माणशी रोज ४,००० रुपये येतात. आता त्या भागातल्या दोन-तीन हॉटेलांचं मेन्यूकार्ड ऑनलाइन पाहा. दोन वेळचं जेवण १,५०० रुपयांत होत असेल तर एआय महाग पडतं. ५,००० लागत असतील तर ते स्वस्त. फ्लॅटसाठीही हेच करा, फक्त किराणा, साफसफाईचं शुल्क आणि बाहेर होणारी जेवणं त्यात धरा.