विरामचिन्हे आली कोठून?

आपल्या वाढवण-डहाणूकडील एखादे जुने मोडी खरेदीखत उघडून पाहा. लेखणी फारशी न उचलता लिहिलेली सलग ओळ. शब्द सुटे नाहीत, मग स्वल्पविराम कोठला? वाचणारा जेथे थांबेल तेथे अर्थ फिरे, आणि प्रश्न जमिनीचा असे.

ही चिन्हे इंग्रजीवरून मराठीत रूढ केली मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाचे ते सहकारी. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. उर्दूत मात्र स्वल्पविराम उलटा, पूर्णविराम आडवी रेघ! आमची मुले तिन्ही लिपी गिरवतात. इंग्रजीच्या पेपरात पूर्णविराम विसरला की मी गुण कापतो खरा. पण ते खत आठवून हात थोडा अडखळतो.