तासाला आठ आणे

१९८२ चा मे महिना आहे, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि चड्डीच्या खिशात आठ आणे आहेत. पायात चपला नाहीत, त्यामुळे वखारभागातला डांबरी रस्ता टाचा उचलून पळतच ओलांडावा लागतो. हळदीच्या गोदामांचा वास नाकात बसतो. सांगलीत वाढलेल्या पोराला हा वास जाणवत नाही. तुम्हाला जाणवतोय, म्हणजे बरेच लांबून आलाय.

चाचांचं सायकलींचं दुकान म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याचं छप्पर. त्याखाली भाड्याच्या सायकली तिरक्या लावलेल्या, मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटचे आकडे. तीन नंबरचा ब्रेक नावाला आहे, पाच नंबरची चेन पडते आणि सात नंबर मिळाली तर सुट्टी सार्थकी, हे गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

"कुणाचा रं तू?"

तुम्ही आजोबांचं नाव सांगता, गल्ली सांगता. चाचा नुसतं "हं" म्हणतात. अनामत नाही, सही नाही. सायकल मोडली तर वसुलीला कुठल्या दारात उभं राहायचं ते त्यांना कळलेलं असतं, आणि ते त्यांना कळलंय हे तुम्हालाही कळलेलं असतं. पुढे कर्जासाठी बँका तुमच्याकडून फायलीभर कागद घेतील. इतकी पक्की हमी त्यातून एकीलाही मिळणार नाही.

सात नंबर बाहेर गेलीय. थांबा मग.

थांबण्यात तोटा नाही, कारण चाचा पंक्चर काढतायत. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बोटाबोटानं पुढे सरकवतात. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटते. चाचा तिथं बोट दाबतात, कानामागची कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून गोल खूण करतात. ओल्या रबरावर खूण जांभळी उमटते, चाचांच्या जिभेवरही. मग कानशीनं घासणं, सोल्यूशन लावणं, त्यावर फुंकर, आणि ते सुकेपर्यंत कुणाशीही न बोलणं. घाईनं ठिगळ लावणारा कारागीर त्यांच्या लेखी कारागीरच नव्हे. त्याच पेन्सिलीनं वहीत तुमचं नाव पडतं: नंबर ७, चार वाजून दहा. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. ते नेहमी पुढेच असतं, आणि भाडं त्याच घड्याळावर चालतं.

"पुलावर न्यायची न्हाई," चाचा बजावतात.

तुम्ही सरळ पुलावर जाता. सीटवर बसलं तर पाय पुरत नाहीत. दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय घालून हाफ पायडल मारत, एका अंगाला कलून. आयर्विन पूल १९२९ चा, अरुंद. समोरून इस्लामपूरची एसटी आली की उतरून कठड्याला चिकटायचं. आता चिकटलाच आहात तर खाली बघा. उन्हाळ्यातली कृष्णा आहे, म्हशी निवांत बसल्यात. या पुलाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, असं गाव मानतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर जाईल आणि बाजारपेठेतली दुकानं बुडतील.

चाचांचं दुकान त्यात जाणार नाही. ते त्याच्या कितीतरी आधी गेलेलं असेल. आठवीत गेलेल्या पोराला स्वतःची सायकल घेऊन द्यायची रीत पडेल, मागून घरोघर लुना येतील, आणि तासावर सायकल मागायला कुणी उरणार नाही. चाचांच्या मोठ्या सायकली ॲटलसच्या. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही ३ जून २०२० ला बंद पडेल, नेमक्या जागतिक सायकल दिनी. पैसा हातात खेळू लागला म्हणून गेलेल्या धंद्यासाठी गळे काढू नयेत, असं मला वाटतं. मात्र दहा वर्षांच्या पोराला स्वतःच्या पैशानं एक तास विकत घेता येईल असं दुसरं दुकान गावात निघालं नाही. त्या तासात कुठे जायचं, हे घरातलं कुणी ठरवत नसे.

एसटी गेली. चढा सायकलवर. सांगलीवाडीपर्यंत जाऊन परत यायचंय आणि तुमच्याकडे घड्याळ नाही. वाटेत भेटेल त्याला विचारायचं, "काका, किती वाजले?" पहिला पाच सांगतो, दुसरा पाचला पाच कमी. तुम्ही दुसऱ्यावर विश्वास ठेवता.

दुकानात पोचता तेव्हा भिंतीवर पाच वाजून बावीस झालेत.

"बारा मिन्टं जादा."

"चाचा, तुमचं घड्याळ पुढं हाय."

"मग सात जादा. काढ धा पैसे."

खिसा उलटा करून दाखवता. चाचा सायकलीभोवती एक फेरी मारतात, चेन बघतात, मग टायरवर चिकटलेला नदीकाठचा गाळ नखानं खरवडून तुमच्या नाकासमोर धरतात.

"पुलावर न्हवता ना गेला?"

तुम्ही गप्प.

"तो पंप घे. तीन नंबर आन् पाच नंबरची हवा भर, मागची-पुढची दोन्ही. फिटले धा पैसे."