लोणावळ्याचं पाणी, मुंबईची वीज

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही ऑफिसमधले पाच जण लोणावळ्याला गेलो. कार्यक्रम नेहमीचाच. भुशीला ही गर्दी, भाजलेलं कणीस, कांदाभजी, आणि दोन किलोमीटरला दीड तास! एकाला मुंबईला जायचं होतं, म्हणून त्याला खोपोली लोकलला सोडायला जुन्या घाटाने खाली उतरलो. ढग जरा बाजूला झाले आणि डोंगरउतारावरून सरळ खाली गेलेले जाडजूड पाइप दिसले.

"हे कसले रे पाइप?" मागून प्रश्न आला.

"मुंबईला पाणी जातं ना, त्याचे," मी ठोकून दिलं.

साफ चूक. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं, की मुंबईला जाते ती वीज. पाणी खोपोलीलाच थांबतं, म्हणजे पुढे पाताळगंगेत जातं. शंभर वेळा त्या घाटातून गेलोय आणि मला हे माहीत नव्हतं. मग पुढचे तीन वीकएंड यातच गेले. त्याचा हा हिशोब.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई डोळ्यासमोर आणा. कापडगिरण्या कोळशावर चालायच्या. प्रत्येक गिरणीला स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःची चिमणी. कोळसा बंगालहून नाहीतर थेट परदेशातून यायचा. आणि तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर सह्याद्रीच्या माथ्यावर दर पावसाळ्यात चार-चार हजार मिलिमीटर पाणी कोसळायचं. या पाण्यावर वीज करावी ही कल्पना मुंबईतले डेव्हिड गॉसलिंग यांची. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ मध्ये जमशेटजी गेले, पण मुलांनी काम सोडलं नाही. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली, ८ फेब्रुवारी १९११ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली.

वाचायला किती सोपं वाटतं, नाही? पण जरा खोलात जाऊ.

जलविद्युत तेव्हा काही नवीन नव्हती. जर्मनीत १८९१ मध्येच लाउफेनहून फ्रँकफर्टला १७५ किलोमीटरवर वीज नेऊन दाखवली होती. आपल्याकडे १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली होती. मग अडचण काय होती? अडचण होती आपल्या पावसाची. आल्प्समध्ये बर्फ वितळतो आणि उन्हाळ्यातही नद्या वाहत्या राहतात. मावळात मात्र जूनमध्ये आभाळ फाटतं आणि दिवाळीनंतर ओढ्यात पाय बुडण्याइतकंही पाणी राहत नाही. गिरणी तर बारा महिने चालली पाहिजे! म्हणजे बाहेरचा नमुना इथे जसाच्या तसा कॉपी-पेस्ट करून भागणार नव्हतं.

तर पहिला प्रश्न पावसाचा. किती पडतो, किती वाहतो, किती उडून जातो, आणि सगळ्यात वाईट वर्षी किती मिळेल? त्यावरून ठरणार साठा किती हवा ते. हे जलविज्ञान. मग लोणावळा, वळवण आणि शिरोता असे तीन तलाव. हे स्थापत्य. तिथून कालव्याने पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचं. खंडाळ्यात ज्याला डक्ट लाइन म्हणतात ती हीच. आणि कड्यावरून पाइपात घालून सुमारे ५२५ मीटर खाली सोडायचं.

इथे मी कागद-पेन्सिल घेतली. ५२५ मीटरच्या पाण्याच्या स्तंभाचा तळाशी दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट. म्हणून पाइप जसजसा खाली येतो तशी त्याची भिंत जाड करावी लागते. हे झालं धातूचं शास्त्र. तळाशी नोझलमधून पाणी सुटतं त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास! ते झेलायला पेल्टन चाक. लेस्टर पेल्टनने कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींसाठी तयार केलेलं, १८८० चं पेटंट. चाकाच्या कडेला जोड-वाट्या, मध्ये एक धार. धारेवर पाणी दुभंगतं, वाटीतून वळून मागे फिरतं आणि जवळजवळ सगळी ताकद चाकाला देऊन गळून पडतं. पाणी कमी आणि उंची जास्त असेल तिथे याच्यासारखं यंत्र नाही. हे यांत्रिकी.

आणि शेवटी विद्युत. तारेतली गळती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच शक्ती शंभरपट व्होल्टेजने पाठवली तर प्रवाह शंभरावा हिस्सा आणि गळती दहा हजारावा हिस्सा. म्हणून एक लाख व्होल्टची लाइन टाकली आणि वीज मुंबईत नेली.

सगळं गणित एका ओळीत सांगायचं तर खंडाळ्याहून हजार लिटर पाणी खाली सोडलं की साधारण सव्वा युनिट वीज. घरातली छतावरची टाकी आठवा. ती अख्खी ओतली तर आपला एसी तास-सव्वा तास चालेल.

यात एकही शोध नवा नाही, पण जगभरातले शोध मावळच्या पावसाला बसवून घेणं हेच मोठं संशोधन होतं. स्थापत्यवाल्याने तलाव लहान केला तर विद्युतवाल्याचं मे महिन्यात काय होणार? प्रत्येकाला दुसऱ्याचं गणित कळणं भाग होतं. आणि भांडवल? तेही हिंदुस्थानातच उभं राहिलं, त्यात संस्थानिकांचेही पैसे होते. वाचताना छाती फुगली हो माझी.

आता इथेच थांबलो असतो तर लेख छान झाला असता.

पण यश मिळालं की पुढची आवृत्ती येतेच. मावळातच आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीला वीज सुरू झाली. तिसरी योजना शेजारच्या मुळशी खोऱ्यातली. तिथे पन्नासहून अधिक गावं पाण्याखाली जाणार होती. भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळं. जमीन भूसंपादन कायद्याने घेतली जात होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती "जान किंवा जमीन". विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना "सेनापती" ही पदवी याच लढ्याने दिली. बाया-बापडे कामावर आडवे झाले, तुरुंगात गेले. १९२४ मध्ये रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण थांबलं नाही. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली.

आणि आता मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली गोष्ट. हे सेनापती बापट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले होते. काय शिकायला? इंजिनिअरिंग! म्हणजे यंत्र न कळणारा, प्रगतीला घाबरणारा माणूस धरणासमोर उभा नव्हता. पाणी, उंची, चाक, तार हे गणित त्याला आपल्यापेक्षा बरं कळत असणार. त्याचा प्रश्न वेगळा होता: या समीकरणात मावळा कुठे आहे?

हे वाचलं आणि मला आमचं एक जुनं प्रोजेक्ट आठवलं. एका गोदामासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. डेटाबेस झकास, स्क्रीन झकास, टेस्टिंग झकास. फक्त खोकी उचलणाऱ्या माणसांशी आमच्यातलं कोणी एकदाही बोललं नव्हतं. आम्ही "मॅन्युअल स्टेप" काढून टाकली आणि शाबासकी घेतली. ती स्टेप म्हणजे सहा माणसांची नोकरी होती, हे मला नंतर पार्किंगमध्ये वॉचमनकडून कळलं. धरणाशी तुलना करण्याइतकं ते मोठं नाही, मान्य. पण चूक त्याच जातीची. पावसाचा थेंबन् थेंब मोजायचा आणि माणसं "इतर खर्च" या रकान्यात टाकायची.

म्हणून काय खोपोलीला नावं ठेवायची? मुळीच नाही. ते ७२ मेगावॉटचं केंद्र आजही चालू आहे. धूर नाही, राख नाही, आणि मुंबईची मागणी अचानक वाढली की काही मिनिटांत चालू करता येतं. शंभर वर्षं टिकणारं काही आपल्या हातून होईल का? माझा कोड तर पाच वर्षंही टिकत नाही. पण हेही खरं, की हे पाणी मूळचं इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. डोंगराने ते पूर्वेला दिलं होतं, आपण पश्चिमेला वळवलं. पूर्वेकडच्या दुष्काळी भागाला त्यातलं काही मिळावं ही मागणी अधूनमधून पुन्हा डोकं वर काढते. हिशोब अजून मिटलेला नाही.

असो. पुढच्या वेळी भुशीला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की तेही धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं आहे, आपल्या भिजण्यासाठी नाही. आणि जमलं तर परत येताना जुन्या घाटाने थोडं खाली उतरून ते पाइप बघा. मागून कोणी विचारलंच, "हे कसले रे पाइप?", तर माझ्यासारखं ठोकून देऊ नका. पाण्याची, चाकाची आणि तारेची गोष्ट जरूर सांगा. फक्त ती मुळशीच्या आधी संपवू नका.