रस्ता वळला, पाटी राहिली

गावाबाहेरून बायपास निघाला की जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आज मात्र आम्ही तुम्हाला लांब, अमेरिकेतल्या एका रस्त्यावर नेणार आहोत.

त्या रस्त्याचं नाव रूट ६६. १९२६ साली त्याला हा क्रमांक मिळाला. शिकागोपासून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत जवळजवळ चार हजार किलोमीटरचा रस्ता, आणि तो गावागावांतून जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांकडे मोटारी आल्या, सुट्टीत मुलांना घेऊन कुटुंबं निघू लागली. त्यांना पेट्रोल हवं, जेवण हवं, रात्रीचा मुक्काम हवा. म्हणून रस्त्याकाठी लॉजं उभी राहिली. खोलीच्या दारातच मोटार लावायची, म्हणून त्यांना मोटेल म्हणू लागले.

आता गाडी वेगात जाणार. गिऱ्हाइकाला थांबवायचं तर लांबूनच दिसलं पाहिजे. मग कुणी होलब्रुक गावात सिमेंटच्या उंच तंबूंसारख्या खोल्या बांधल्या, कुणी रात्री चमकणाऱ्या निऑनच्या पाट्या लावल्या. ही निऑनची पाटी हाताने होते बरं का. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची आणि अक्षराच्या वळणाने वाकवायची. वाकताना नळी चेपू नये म्हणून कारागीर रबरी नळीतून आत हलकी फुंकर घालत राहतो. चुलीशी फुंकणी धरणाऱ्या बाईला त्यातली नजर कळेल! मग आतली हवा काढून वायू भरायचा आणि वीज जोडायची. निऑन वायूचा उजेड तांबडा-नारिंगी पडतो. निळा हवा असेल तर आर्गॉन आणि किंचित पारा.

या रस्त्यावर न्यू मेक्सिको राज्यात टुकुमकारी नावाचं लहान गाव आहे. तिथे ‘ब्लू स्वॅलो’ नावाचं मोटेल आहे, म्हणजे निळी पाकोळी. गुलाबी भिंती, प्रत्येक खोलीशेजारी मोटारीला छोटी खोली आणि पाटीवर निऑनची पाकोळी. १९५८ साली फ्लॉइड रेडमन यांनी हे मोटेल लिलियनबाईंना साखरपुड्याची भेट म्हणून दिलं. आपल्याकडे अंगठी मिळाली तरी खूप, असं आमच्यातली एक म्हणाली! पण ही भेट कामाची होती. चादरी धुणं, खोल्या झाडणं, रात्री-बेरात्री दार उघडणं, सगळं त्यात आलं. एखाद्या प्रवाशाकडे पैसे नसले तर हे जोडपं त्याच्याकडची एखादी वस्तू घेऊन किंवा फुकटसुद्धा खोली देत असे.

पण १९५६ साली अमेरिकेच्या सरकारने नव्या महामार्गांचा कायदा केला. रुंद, सरळ, गावांना वळसा घालणारे रस्ते. एकेका गावाला बायपास मिळत गेला आणि गिऱ्हाईक आटलं. १९८५ साली तर रूट ६६ हे नाव सरकारी यादीतूनच गेलं. कितीतरी मोटेलं बंद पडली, पाट्या भंगारात गेल्या. लिलियनबाईंचे पती १९७३ साली वारले. तरी बाईंनी १९९८पर्यंत, चाळीस वर्षं, पाकोळीचा दिवा लावला. पुढच्या मालकांनीही तो विझू दिला नाही.

पाट्या जाव्यात असं मनापासून वाटणारेही लोक होते, हे सांगितलं पाहिजे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी महामार्गाकाठच्या जाहिरातफलकांविरुद्ध आवाज उठवला आणि १९६५ साली तसा कायदा झाला. डोंगर झाडं सोडून नुसते फलक बघत का जायचं, असा त्यांचा सवाल. आम्हाला तोही पटतो. नाक्यानाक्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स बघून कुणाला पटणार नाही? पण एक तऱ्हा अशी की, हाताने घडवलेली पाटी आणि नुसता छापील फलक एका मापाने मोजता येत नाहीत.

लास वेगासची स्वागताची पाटी सिनेमात तुम्ही पाहिली असेल. ती एका बाईने काढली, बेटी विलिस त्यांचं नाव. साल १९५९. शहराला भेट म्हणून त्यांनी तिचे हक्क राखून ठेवले नाहीत. म्हणून ती पाटी आज कपांवर, सदऱ्यांवर कुणीही छापतं. २००९ साली तिची राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंद झाली. त्याच शहरात जुन्या पाट्यांचं एक संग्रहालयही आहे. रूट ६६वरच्या जुन्या वास्तू जपायला १९९९ साली कायदा झाला आणि दुरुस्तीला सरकारी वाटा मिळू लागला. कॅलिफोर्नियातलं तंबूंच्या आकाराचं एक मोटेल तर गुजरातहून गेलेल्या पटेल कुटुंबाने डागडुजी करून सावरलं.

पण वारसा म्हणून काय उरतं, ते आधी कुणाला काय बांधता आलं यावर ठरतं. त्या झगमगत्या पाट्यांखाली काळ्या माणसांना कित्येक ठिकाणी खोली मिळत नसे. पैसे असूनही मुलांना घेऊन गाडीत झोपायची वेळ यायची. म्हणून व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तिका काढली, कुठे सुरक्षित उतरता येईल हे सांगणारी. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी आल्मा यांनी ती पुढे चालवली. १९६४ साली असा भेदभाव कायद्याने बंद झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांत ती पुस्तिका थांबली.

त्या काळात मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी अल्बर्टा एलिस या काळ्या बाईंनी जुन्या इस्पितळाच्या इमारतीत हॉटेल सुरू केलं होतं. दमून आलेल्या कुटुंबाला तिथे पलंग मिळायचा, गरम जेवण मिळायचं. पुढे शहरसुधारणेत ती इमारत पाडली. तिची पाटी लावायला आता भिंतच नाही. त्या हॉटेलाबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंचसं अल्बर्टाबाईंच्या घरच्यांनी सांगितलं आणि कुणीतरी बसून लिहून घेतलं म्हणून.