युंगासचा उतार : 'मृत्यूच्या रस्त्या'वरून सायकलने

बोलिव्हियाचे सरकार ज्या ला पाझ शहरातून चालते, तेथून ईशान्येकडे उतरणारा जुना उत्तर युंगास रस्ता जगभर 'मृत्यूचा रस्ता' या नावाने ओळखला जातो. अँडीज पर्वतातील ला कुम्ब्रे या सुमारे ४,६५० मीटर उंचीच्या उजाड खिंडीतून हा मार्ग निघतो आणि ६४ किलोमीटरच्या अंतरात जवळपास साडेतीन हजार मीटर खाली, केळी, संत्री आणि कॉफीच्या बागा असलेल्या उष्ण दऱ्यांत पोहोचतो. सकाळी लोकरीचे हातमोजे आणि दुपारी अंगाला चिकटणारा घाम, असा हा चार-पाच तासांचा प्रवास आहे. १९९८ पासून येथे गाइडच्या सोबतीने माउंटन बाइकच्या सहली निघू लागल्या आणि आज बोलिव्हियात जाणाऱ्या परदेशी पर्यटकांच्या यादीत ही सहल हमखास असते.

रस्त्याचे नाव जाहिरातीसाठी सोयीचे असले, तरी ते पर्यटकांसाठी पडलेले नाही. बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्यात १९३२ ते १९३५ या काळात चाको युद्ध झाले. त्या युद्धात हाती आलेल्या पॅराग्वेच्या कैद्यांकडून १९३० च्या दशकात हा रस्ता कड्याच्या पोटातून खोदून घेण्यात आला. पुढे सुमारे सत्तर वर्षे राजधानीच्या पठाराला युंगासच्या दऱ्यांशी आणि त्यापलीकडच्या अॅमेझॉन खोऱ्याशी जोडणारी ही मुख्य वाट होती. रुंदी अनेक ठिकाणी जेमतेम तीन मीटर, म्हणजे एक मालमोटार कशीबशी जाईल इतकी. एका बाजूला पाझरणारा कडा, दुसऱ्या बाजूला काही ठिकाणी ६०० मीटरहून खोल दरी, आणि कठडे जवळपास नाहीतच. फळे, कोळसा, कोकाची पाने आणि त्या ढिगावर बसलेली माणसे, असे भरलेले ट्रक या वाटेने रात्रंदिवस जात. २४ जुलै १९८३ रोजी येथे एक बस दरीत कोसळली आणि शंभराहून अधिक प्रवासी मरण पावले. देशाच्या इतिहासातील तो सर्वांत भीषण रस्ता अपघात मानला जातो. १९९० च्या दशकात येथे वर्षाला दोनशे ते तीनशे माणसे दगावत, असा अंदाज वारंवार दिला जातो. १९९५ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने या रस्त्याला जगातील सर्वांत धोकादायक रस्ता म्हटले. वळणावळणावर दिसणारे क्रूस या माणसांचे आहेत. त्यांतले बहुतेक बाजाराला किंवा घरी निघालेले होते. त्यांना दुसरी वाट उपलब्ध नव्हती.

या रस्त्यावर एक विलक्षण नियम आहे. बोलिव्हियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. येथे मात्र डावी बाजू धरायची. उतरणाऱ्या वाहनाची डावी बाजू दरीकडची असते. चालक गाडीत डावीकडे बसत असल्याने त्याला खिडकीतून वाकून आपले बाहेरचे चाक कड्यापासून किती बोटांवर आहे, हे दिसते. चढणाऱ्या वाहनाला आधी जाण्याचा अधिकार, आणि समोरासमोर आल्यास मागे सरकायचे ते उतरणाऱ्याने. ज्या वळणांवर पलीकडचे काहीच दिसत नाही, तेथे एकेकाळी गावकरी लाल आणि हिरवे फलक घेऊन उभे राहत व ट्रकना थांबण्याची किंवा पुढे येण्याची खूण करीत. त्यांना पगार नव्हता. चालक जाताना नाणी किंवा पाव फेकत, त्यावर गुजराण. त्यांच्यापैकी काहींनी आपले कुटुंब याच रस्त्यावर गमावले होते.

डांबरी, दुपदरी आणि बोगदे असलेला नवा रस्ता २००६ च्या अखेरीस पूर्ण वापरात आला आणि जड वाहतूक तिकडे वळली. जुनी वाट बहुतांशी सायकलस्वारांच्या वाट्याला आली. तरी ती पूर्णपणे निर्मनुष्य नाही. सहलींच्या सोबतच्या गाड्या आणि स्थानिकांची वाहने येथून जातात, आणि नव्या रस्त्यावर दरड आली की इतर वाहनेही. उतारावरच्या सायकलस्वाराला त्यामुळे दरीकडची कडाच धरून चालावे लागते.

सहलीची सुरुवात ला कुम्ब्रे येथे होते. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत निम्म्याहून थोडाच अधिक असतो. ला पाझ शहरच सुमारे ३,६०० मीटरवर आणि त्याचा विमानतळ चार हजार मीटरच्याही वर असल्याने मुंबईसारख्या ठिकाणाहून गेलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवस डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड जाणवणे स्वाभाविक आहे. ते दिवस शहरात काढल्याशिवाय सायकलवर बसणे हा निव्वळ अविचार होय. निघण्यापूर्वी गाइड आयमारा प्रथेनुसार पाचामामाला, म्हणजे धरतीमातेला, मद्याचे चार थेंब वाहतात. थोडे पुढच्या चाकावर ओततात आणि एक घोट स्वतः घेतात.

पहिले वीस-एक किलोमीटर डांबरी घाट आहे. वेग येथेच सर्वाधिक मिळतो, आणि समोरून-मागून येणारी खरी वाहतूकही येथेच असते. उंदुआवीच्या पुढे थोडा चढ लागतो. तो बहुतेक गट सायकली गाडीवर टाकून पार करतात. या विरळ हवेत चढावर सायकल मारणे म्हणजे काय, हे ज्यांना अनुभवायचेच असेल त्यांना कोणी अडवत नाही. चुस्पिपाता येथून जुना मातीचा रस्ता सुरू होतो. हे ठिकाण आणखी एका कारणाने इतिहासात नोंदले गेले आहे : नोव्हेंबर १९४४ मध्ये तत्कालीन लष्करी राजवटीने काही राजकीय विरोधकांना येथे ठार करून दरीत लोटले होते.

चुस्पिपातापासून योलोसा गावापर्यंतचे तीस-पस्तीस किलोमीटर हा सहलीचा गाभा. अॅमेझॉन खोऱ्यातून येणारे बाष्प अँडीजच्या पूर्व उतारावर आदळून वर चढते आणि तेथेच ढग होऊन थांबते. त्यामुळे पलीकडचे पठार कोरडे आणि अलीकडची दरी कायम ओली. पावसाळ्यातला सह्याद्रीचा घाट ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल; फरक इतकाच की येथे ढग बारमाही असतो. शेवाळाने झाकलेली झाडे, वृक्षनेचे, आमरी, बांबूची बेटे, आणि मध्येच थेट रस्त्यावर कोसळणारे धबधबे. त्यांच्याखालून जाताना सायकलस्वार भिजतो आणि दगडगोटे अधिक निसरडे होतात. डिसेंबर ते मार्च हा मोठ्या पावसाचा काळ टाळून मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत जाणे शहाणपणाचे.

उतार असल्याने ताकद लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन ९० किलो धरले, तर एवढे उतरताना मोकळी होणारी ऊर्जा साधारण नऊ लिटर पाणी उकळायला पुरेल. तिचा काही भाग हवेच्या रोधात जातो. बाकी सारी ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच सायकल निवडताना रंग किंवा कंपनी बघण्याऐवजी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ब्रेकच्या पॅडची जाडी आणि टायरच्या खाचा तपासाव्यात. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास बोटे बधिर होतात आणि पकडही सुटते. वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडायचा, ही पद्धत. पायडल समपातळीत, कोपरे सैल, शरीराचा भार मागे, आणि नजर जायचे तिकडे. दरीकडे टक लावून पाहणाऱ्याची सायकल दरीकडेच वळते, असे गाइड बजावतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. भारतीयांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो. तेथे तो बहुधा मागच्या चाकाचा असतो. सुट्या खडीवर घाबरून चुकीचा हात आवळला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

चांगल्या गटात एक गाइड पुढे, एक मागे आणि त्यामागे गाडी असते. थोड्या थोड्या अंतरावर सारे थांबतात. पुढच्या टप्प्यात कोणते वळण उलटे आहे, कुठे पाणी आहे, हे सांगितले जाते. थांबताना डोंगराच्या बाजूला उतरायचे, सायकल आपल्या आणि दरीच्या मध्ये ठेवायची, छायाचित्रासाठी मागे सरकायचे नाही. हे नियम बालिश वाटतील. पण सहली सुरू झाल्यापासून डझनाहून अधिक सायकलस्वारांनी येथे प्राण गमावले आहेत. स्वस्त सहल आणि महाग सहल यांतील तफावत मुख्यतः याच बाबींत असते : ब्रेक किती वेळा बदलले, गाइडमागे स्वार किती, दोर आणि प्रथमोपचाराचे साहित्य गाडीत आहे का. प्रवास विम्यात उतारावरील सायकलिंग वगळलेले नाही ना, हेही आधीच पाहावे.

वाहतूक हटल्यावर या दरीत आणखी एक बदल घडला. रस्त्याचा परिसर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कोतापाता राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. धूर, धूळ आणि भोंगे कमी झाल्यावर वन्य प्राणी आणि पक्षी पुन्हा रस्त्याजवळ येऊ लागल्याचे अभ्यासकांनी लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले आहे.

योलोसाला सायकल थांबते तेव्हा उंची सुमारे १,२०० मीटर असते. तेथून गाडीने चढून कोरोइको या डोंगरमाथ्यावरच्या गावी जाता येते. ते साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे. घाईने नव्या रस्त्याने संध्याकाळी ला पाझला परतणाऱ्यांचे एक मोठे नुकसान होते. जवळच्या तोकान्या गावी आफ्रो-बोलिव्हियन समाज राहतो. वसाहतकाळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि नंतर युंगासच्या मळ्यांत राबवल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. 'साया' हे त्यांचे ढोलाच्या तालावरचे गाणे-नाचणे. २००९ च्या राज्यघटनेने या समाजाला स्वतंत्र मान्यता दिली.

परतीच्या तयारीत भारतीय प्रवाशांनी दोन बाबी विसरू नयेत. बोलिव्हियाहून भारतात येणाऱ्यास पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, आणि ही लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. दुसरी बाब कोकाच्या पानांची. उंचीच्या त्रासावर तेथे सर्रास या पानांचा काढा पितात आणि युंगासच्या बाजारात पाने पोत्यांनी विकली जातात. परंतु भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ती बाळगणे गुन्हा आहे. चहाच्या पुड्या म्हणून मिळालेली भेटही तिकडेच ठेवून यावी.